‘दिसले नाही’ या साक्षीची परीक्षा
(अबोध दृष्टिसंवेदनाच्या अभ्यासपद्धती : बंगळूरमधील एचएसआर लेआउट येथे मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



संध्याकाळची वेळ आहे. एचएसआर लेआउटच्या कडेने जाणाऱ्या बाह्य वर्तुळ रस्त्यावरून एक दुचाकीस्वार आगरा तलावाकडून सिल्क बोर्ड चौकाच्या दिशेने निघाला आहे. मावळता सूर्य त्याच्या अगदी समोर आहे. डावीकडे दुकानांच्या पाट्या, वर मेट्रोचे खांब, पुढे-मागे वाहनांची दाटी. एवढ्यात एका उभ्या बसच्या आडून एक माणूस रस्त्यावर पाऊल टाकतो. दुचाकीस्वाराचा हात ब्रेकवर दाबला जातो आणि गाडी हातभर अंतरावर थांबते. नंतर तो सांगतो, “तो माणूस मला दिसलाच नव्हता. हात आपोआप दाबला गेला.”

आता याच प्रसंगाचा दुसरा शेवट कल्पनेत आणावा. हात दाबला जात नाही आणि पादचारी जखमी होतो. तेव्हाही दुचाकीस्वाराचे शब्द तेच असतात : “तो मला दिसलाच नव्हता.” पहिल्या वेळी लोक त्याचे कौतुक करतात. दुसऱ्या वेळी, “डोळे उघडे होते ना?” असा प्रश्न विचारतात आणि त्याला खोटारडा किंवा बेपर्वा ठरवून मोकळे होतात.

दोन्ही वेळी साक्ष एकच आहे. ती खरी मानावी की खोटी? डोळ्यांत प्रकाश शिरला, मेंदूपर्यंत काहीतरी पोहोचले, हातानेही कदाचित त्याची दखल घेतली. परंतु त्या माणसाला त्याची जाणीव झाली नाही, असे घडू शकते काय? आणि घडत असेल, तर ते सिद्ध कसे करावयाचे? आजच्या विवेचनाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. अबोध मनाविषयी बोलणे सोपे असते. त्याचा पुरावा उभा करणे अतिशय कठीण असते. या क्षेत्राचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला, तर त्यात प्रमादांची आणि त्या प्रमादांच्या दुरुस्तीची एक मोठी साखळी आढळते. ती साखळी समजावून घेणे हाच पद्धती समजावून घेण्याचा उत्तम मार्ग होय.

दोन साक्षीदार

या विषयातील बहुतेक सर्व प्रयोगांची मांडणी मुळात एकच असते. एकाच माणसाच्या ठायी दोन साक्षीदार आहेत असे समजावे. पहिला साक्षीदार म्हणजे त्याची वाणी. ‘मला दिसले’ किंवा ‘मला दिसले नाही’ असे ती सांगते. दुसरा साक्षीदार म्हणजे त्याचे वर्तन : त्याने दाबलेली कळ, त्याला लागलेला वेळ, त्याच्या बाहुलीचे आकुंचन, त्याच्या मेंदूतील विद्युत्प्रवाह. पहिला साक्षीदार ‘काही नव्हते’ असे म्हणत असता दुसरा ‘काहीतरी होते’ असे दाखवीत असेल, तर जाणिवेच्या पलीकडे संवेदन झाले असे अनुमान काढता येते.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चार्ल्स सँडर्स पर्स आणि त्यांचे विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी १८८४ साली या जातीचा एक मूळ प्रयोग मांडला. तो दृष्टीचा नव्हता, बोटावर पडणाऱ्या दाबाचा होता. दोन दाबांमधील अंतर इतके सूक्ष्म ठेवले जाई की, कोणता जास्त हे सांगता येऊ नये. प्रत्येक उत्तराबरोबर आपल्या खात्रीची पातळीही शून्य ते तीन या अंकांत नोंदवावयाची असे. खात्री शून्य असतानाही बरोबर उत्तरांचे प्रमाण निव्वळ योगायोगाने मिळाले असते त्याहून अधिक भरले. पुढे १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बोरिस सायडिस यांनी हीच रीत दृष्टीला लावली. अक्षरे आणि अंक लिहिलेली पत्रे त्यांनी इतक्या दूर धरली की, पाहणाऱ्यांना केवळ एक पुसट ठिपका दिसे. तरीही ‘तर्काने सांगा’ म्हटल्यावर लोकांची उत्तरे योगायोगापेक्षा सरस ठरली.

हे प्रयोग साधे आणि प्रामाणिक होते. परंतु त्यांत एक फट राहून गेली होती. ती बुजविण्यास विज्ञानाला बराच काळ लागला.

एक बनावट प्रयोग

मध्यंतरी या विषयाला मोठी कुप्रसिद्धी मिळाली, तिचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १९५७ साली जेम्स व्हिकरी या अमेरिकन बाजारपेठ-संशोधकाने जाहीर केले की, न्यू जर्सीमधील फोर्ट ली येथील एका चित्रपटगृहात त्याने पडद्यावर ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ अशा आशयाच्या सूचना क्षणाच्या अत्यल्प अंशाइतका वेळ झळकविल्या. त्या कोणालाही दिसल्या नाहीत, परंतु पॉपकॉर्नचा खप ५७.५ टक्क्यांनी व पेयाचा १८.१ टक्क्यांनी वाढला, असा त्याचा दावा होता. लोकांत घबराट पसरली. आपल्या नकळत आपल्या इच्छेवर कोणी ताबा मिळवील ही कल्पनाच भयंकर होती.

या दाव्याला शास्त्रीय आधार कोणता होता? सूचना न दाखविता झालेल्या खपाशी काटेकोर तुलना केल्याचा पुरावा नव्हता, तपशीलवार आकडे कधीच प्रसिद्ध झाले नाहीत आणि दुसऱ्यांना तसा परिणाम मिळविता आला नाही. १९६२ साली एका मुलाखतीत व्हिकरीने, आपल्यापाशी अर्थपूर्ण ठरावी एवढी माहितीच नव्हती, असे कबूल केले. दशांश चिन्हापर्यंत नेमके दिलेले आकडे पाहून माणसे किती सहज भुलतात, याचे हे उदाहरण आहे. पद्धतीचे वर्णन नाही तेथे आकडा हा केवळ अलंकार असतो. गंमत अशी की, या कबुलीनंतरही भीती ओसरली नाही. १९७४ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाला, अशा छुप्या सूचना लोकहिताच्या विरुद्ध आहेत असे जाहीर करावे लागले.

दोन पहारेकरी

आता त्या राहून गेलेल्या फटीकडे वळू. १९६० साली चार्ल्स एरिक्सन यांनी तोपर्यंतच्या संशोधनाची कठोर छाननी केली. त्यांच्या आक्षेपाचा गाभा एका दृष्टांताने समजेल.

एचएसआर लेआउटमधील एखाद्या गृहसंकुलात दोन पहारेकरी आहेत. दोघांचेही कान सारखेच तीक्ष्ण आहेत. पहिला पानांची सळसळ झाली तरी शिट्टी वाजवितो. दुसरा मात्र चोर आहे याची पुरती खात्री पटल्याखेरीज शिट्टीला हात लावीत नाही. कारण मागे एकदा मांजरासाठी शिट्टी वाजवून त्याने साऱ्या इमारतीची झोपमोड केली होती. नोंदवही पाहणारा म्हणेल की, पहिल्याला फार ऐकू येते आणि दुसऱ्याला कमी. वस्तुतः फरक कानांत नाही. केव्हा बोलावे याविषयीच्या त्यांच्या निकषांत आहे.

प्रयोगात ‘मला दिसले नाही’ म्हणणारा माणूस पुष्कळदा त्या दुसऱ्या पहारेकऱ्यासारखा असतो. त्याला पुसट असे काही जाणवलेले असते, परंतु ते सांगण्याइतकी खात्री नसते. म्हणून तो ‘नाही’ म्हणतो. त्याचे वर्तन मात्र त्या पुसट जाणिवेवर चालत राहते. अशा वेळी ‘अबोध संवेदन सिद्ध झाले’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे संकोचाला आंधळेपणा समजणे होय.

याच सुमारास विकसित झालेल्या संकेतशोधन-सिद्धांताने या दोन गोष्टी गणिताने वेगळ्या करण्याचा मार्ग दाखविला. एक, फरक ओळखण्याची क्षमता. आणि दोन, उत्तर देण्याचा निकष. दोन्ही वेगळ्या मोजावयाच्या तर काही फेऱ्यांत उद्दीपक दाखवावा, काहींत दाखवू नये आणि खरे होकार व खोटे होकार अशा दोहोंची नोंद ठेवावी. याहूनही सोपी रीत सक्तीच्या निवडीची. येथे ‘दिसले नाही’ असे उत्तर देण्याची सोयच नसते. ‘आकृती डावीकडे होती की उजवीकडे? काही दिसले नसले तरी एक बाजू निवडा’ असे प्रयुक्ताला सांगतात. शंभर फेऱ्यांत पन्नासच्या आसपास उत्तरे बरोबर आली, तर तो खरोखर अंदाजाने बोलत असावा. ऐंशी आली, तर तोंडाने काहीही म्हणत असला तरी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली आहे.

अशा रीतीने दोन उंबरठे कल्पिण्यात आले. माणूस ‘मला दिसत नाही’ असे म्हणू लागतो तो आत्मनिष्ठ उंबरठा. सक्तीच्या निवडीतही त्याची उत्तरे योगायोगाच्या पातळीवर येतात तो वस्तुनिष्ठ उंबरठा.

झाकलेले शब्द

या उंबरठ्यांच्या खाली उद्दीपक न्यावयाचा कसा? त्यासाठी सर्वाधिक वापरली गेलेली युक्ती म्हणजे आच्छादन. पूर्वी क्षणदर्शक यंत्र वापरीत. आता संगणकाचा पडदा वापरतात. नेहमीच्या पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा नवे होते, म्हणजे एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. एखादा शब्द दोन-तीन चौकटी, म्हणजे सुमारे ३३ ते ५० मिलिसेकंद दाखवून लगेच त्याच जागी रेषांचे किंवा अक्षरांचे जाळे दाखविले, तर तो शब्द दिसत नाही. केवळ वेळ कमी असल्यामुळे हे घडत नाही. पाठोपाठ येणारे जाळे आधीच्या ठशावर चढते, म्हणून घडते.

झाकलेल्या शब्दानंतर एक स्पष्ट शब्द येतो आणि त्यावर प्रयुक्ताला कळ दाबावयाची असते. झाकलेला शब्द ‘डॉक्टर’ आणि स्पष्ट शब्द ‘परिचारिका’ असला, तर प्रतिसाद लवकर येतो काय? यास पूर्वप्रेरण म्हणतात. १९८३ साली अँथनी मार्सेल यांनी असे परिणाम मिळाल्याचे प्रसिद्ध केले आणि मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी चीझमन आणि मेरिकल यांनी रंगांची नावे घेऊन उंबरठे अधिक काटेकोरपणे मोजले. सक्तीच्या निवडीत उत्तरे निव्वळ योगायोगाच्या पातळीवर आल्यावर पूर्वप्रेरणही नाहीसे झाले. मात्र प्रयुक्त ‘दिसत नाही’ म्हणत असता प्रत्यक्षात काही प्रमाणात ओळखू शकत होते, तेथे ते टिकून राहिले. १९८६ साली होलेंडर यांनी साऱ्या वाङ्मयाची तपासणी करून, पुरावा अपुरा आहे असा प्रतिकूल निर्णय दिला.

टीकेमुळे हे क्षेत्र संपले नाही, उलट सुधारले. १९९८ साली स्टानिस्लास देहान व सहकाऱ्यांनी एक अंक झाकून दाखविला आणि नंतरचा स्पष्ट अंक पाचाहून मोठा की लहान हे विचारले. दोन्ही अंक पाचाच्या एकाच बाजूचे असले, तर उत्तर लवकर येई. एवढेच नव्हे, तर न दिसलेल्या अंकाने हात हलविण्याची पूर्वतयारी मेंदूत सुरू झाल्याचेही आढळले. दुचाकीस्वाराच्या हाताची आठवण येथे साहजिकच होते.

पण झाकलेला शब्द मेंदू ‘वाचतो’ म्हणजे नेमके काय करतो? २००० साली अब्राम्स आणि ग्रीनवाल्ड यांनी दाखविले की, तो बहुधा सबंध शब्द वाचीत नाही. त्याचे तुकडे उचलतो. प्रयुक्तांनी आधी काही अप्रिय अर्थाचे इंग्रजी शब्द स्पष्टपणे वाचून त्यांचे वर्गीकरण केले होते. त्यांच्या तुकड्यांतून बनणारा, परंतु ‘स्मित’ या प्रिय अर्थाचा शब्द झाकून दाखविल्यावर परिणाम मात्र अप्रिय शब्दासारखा झाला. अबोध मन म्हणजे एखादा बुद्धिमान छुपा वाचक अशी जी लोकसमजूत आहे, तिला हा चांगला शह आहे.

उलटा परिणाम

उंबरठ्यांच्या वादातून सुटण्याची एक चतुर रीत लॅरी जेकोबी यांनी सुचविली. जाणीव आणि नेणीव या दोहोंचा परिणाम एकाच दिशेने होत असेल, तर त्यांना वेगळे करणे अवघड जाते. म्हणून प्रयोग असा रचावा की, दोहोंचे परिणाम एकमेकांच्या विरुद्ध जावेत.

मराठीत उदाहरण घेऊ. पडद्यावर ‘पाऊस’ हा शब्द क्षणभर झळकतो. नंतर ‘पा’ हे अक्षर दाखवून सांगतात : “हा शब्द पूर्ण करा, परंतु आताच झळकलेला शब्द मात्र लिहू नका.” ज्याने ‘पाऊस’ जाणीवपूर्वक पाहिला, तो ‘पातेले’ किंवा ‘पाखरू’ लिहील. ज्याच्या मनात तो शब्द शिरला परंतु जाणवला नाही, तो सूचनेविरुद्ध ‘पाऊस’च लिहिण्याची शक्यता वाढेल. डेब्नर आणि जेकोबी यांनी १९९४ साली इंग्रजी शब्द घेऊन हेच दाखविले. शब्द पुरेसा वेळ दिसला की लोक तो टाळीत. अत्यल्प काळ दिसला की तोच अधिक लिहीत. सूचना पाळण्याची इच्छा असूनही ती पाळता न येणे, हा येथे अबोधाचा पुरावा ठरतो. अर्थात्, ज्याला पुसट दिसले परंतु खात्री नव्हती तोही शब्द टाळणार नाही, हा आक्षेप येथेही पूर्णपणे मिटत नाही.

दोन डोळ्यांची झुंज

दुसरी युक्ती दोन डोळ्यांतील स्पर्धेवर आधारलेली आहे. एका डोळ्याला एक चित्र आणि दुसऱ्याला सर्वस्वी वेगळे चित्र दाखविले, तर दोन्ही मिसळत नाहीत, आळीपाळीने दिसतात. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आपल्या स्टीरिओस्कोपच्या साह्याने या स्पर्धेचे वर्णन केले होते. २००५ साली त्सुचिया आणि कॉख यांनी तीत एक भर घातली. एका डोळ्यापुढे रंगीबेरंगी चौकोनांचे भडक नमुने सेकंदाला अनेकदा बदलत ठेवले, तर दुसऱ्या डोळ्यापुढचे स्थिर चित्र कित्येक सेकंद दबून राहते. आच्छादनात मिळणारे काही मिलिसेकंद कोठे आणि हे सेकंद कोठे! संशोधकांना जणू भांडार सापडले.

२००७ साली जियांग, कॉस्टेलो व हे यांनी दबलेले चित्र वर येण्यास किती वेळ लागतो ते मोजले. सुलटा चेहरा उलट्या चेहऱ्यापेक्षा लवकर वर आला. चिनी वाचकांना चिनी अक्षरे लवकर दिसली आणि हिब्रू वाचकांना हिब्रू. बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला यातील मर्म सहज कळेल. कानडी आणि इंग्रजी पाट्यांच्या गर्दीत एखादी देवनागरी पाटी डोळ्यांपुढे आपणहून उडी घेते असे त्याला वाटते. तर येथेच वाढलेल्या त्याच्या मुलीला कानडी पाटी तशी भासते. परंतु ही उडी जाणिवेच्या आधी घेतली गेली की नंतर? श्टाइन, हेबार्ट व श्टेर्झर यांनी २०११ साली नेमका हाच प्रश्न विचारला. चित्र लवकर दिसले याचा अर्थ दबलेल्या अवस्थेत त्यावर प्रक्रिया झाली असाच होत नाही. अर्धवट दिसू लागल्यावर ओळखीची गोष्ट लवकर कळली, एवढाही असू शकतो. नियंत्रक प्रयोग वरकरणी कितीही योग्य दिसला, तरी तो नेमका काय वगळतो हे तपासावे लागते, हा यातील धडा होय.

२०१२ साली दबलेल्या अवस्थेत लोक अंकगणिताची छोटी उदाहरणेही सोडवितात, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. त्याच माहितीचे पुनर्विश्लेषण २०१८ साली मूर्स व हेसेलमान यांनी केले, तेव्हा पुरावा दाव्याइतका भक्कम नसल्याचे दिसून आले.

आंधळ्या बाजूची दृष्टी

आतापर्यंतची उदाहरणे निरोगी डोळ्यांची होती. या विषयातील सर्वांत हृद्य प्रकरण मात्र रुग्णांचे आहे. इंग्लंडमधील एका रुग्णावर मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकृतीसाठी शस्त्रक्रिया झाली. तीत उजव्या पश्चखंडातील दृष्टिकेंद्राचा भाग काढावा लागला. वाङ्मयात तो केवळ ‘डी. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याच्या दृष्टिक्षेत्राची डावी बाजू आंधळी झाली. १९७४ साली वाइसक्रांत्झ, वॉरिंग्टन, सँडर्स व मार्शल यांनी त्याच्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. आंधळ्या बाजूला प्रकाशाचा ठिपका दाखवून “तर्काने बोट दाखवा” म्हटल्यावर तो बऱ्याच अचूकपणे बोट दाखवी. रेषा उभी की आडवी, हेही तो ओळखी. आपण पूर्णपणे अंदाजाने बोललो अशी त्याची समजूत होती. निकाल सांगितल्यावर तो स्वतःच चकित झाला. या अवस्थेला ‘अंधदृष्टी’ हे नाव पडले.

येथेही आक्षेप आले आणि ते योग्यच होते. प्रकाश डोळ्यात विखरून चांगल्या बाजूवर पडत असेल काय? यासाठी एक सुरेख नियंत्रण वापरण्यात आले. प्रत्येक डोळ्यात दृष्टिचेता बाहेर पडते त्या जागी ग्राहकपेशी नसतात. तो निसर्गदत्त अंधबिंदू होय. विखुरलेल्या प्रकाशाने काम होत असते, तर ठिपका त्या बिंदूवर पाडल्यावरही तो ओळखता आला असता. तो आला नाही. १९९५ साली कॉवी आणि स्टोएरिग यांनी तशीच इजा असलेल्या माकडांना ‘काही नव्हते’ असा प्रतिसाद देण्याचे शिक्षण दिले. आंधळ्या बाजूवरील दिव्याची जागा ती अचूक दाखवीत, परंतु मोकळीक मिळताच ‘काही नव्हते’ असे कळवीत. जणू मुक्या प्राण्यालाही साक्ष देण्याची संधी मिळाली.

तरीही वाद संपलेला नाही. इयन फिलिप्स यांनी २०२१ साली असे प्रतिपादन केले की, अंधदृष्टी ही अबोध दृष्टी नसून अत्यंत क्षीण झालेली सबोध दृष्टीच असावी. रुग्ण तिला ‘पाहणे’ म्हणावयास धजत नाही, एवढेच. म्हणजे पुन्हा तोच दुसरा पहारेकरी दाराशी उभा!

हा वाद केवळ शब्दांचा नाही. डोक्याला मार लागून किंवा पक्षाघातामुळे अर्धे दृष्टिक्षेत्र गमावलेली माणसे आपल्याकडेही आहेत. एचएसआर लेआउटपासून जवळच, होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत मेंदूला इजा झालेले रुग्ण दूरदूरहून येतात. या संस्थेने आजचे रूप १९७४ साली, म्हणजे अंधदृष्टीचा शोध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी धारण केले. असा रुग्ण घरी दारावर आदळतो आणि क्वचित आंधळ्या बाजूची वस्तूही चुकवितो, तेव्हा घरच्यांना वाटते की तो सोंग करतो आहे. पद्धतशीर मोजमाप नसेल, तर त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. शिवाय, उरलेल्या क्षमतेला दीर्घ सरावाने काही प्रमाणात वाढविता येते, असे २००९ सालापासूनच्या प्रयोगांनी सूचित केले आहे. ती क्षमता आहे हे आधी कळले, तरच सरावाचा विचार होऊ शकतो.

मोजमापातील सापळे

अलीकडील काळात लक्ष पुन्हा मोजमापाकडेच वळले आहे. २००४ साली रॅमसॉय आणि ओव्हरगार्ड यांनी ‘दिसले–नाही दिसले’ या दोन पर्यायांऐवजी चार पायऱ्यांची श्रेणी सुचविली : काहीच अनुभव नाही, पुसट चाहूल, जवळजवळ स्पष्ट आणि पूर्ण स्पष्ट. २००७ साली परसॉद, मॅक्लाउड व कॉवी यांनी उत्तरावर पैज लावावयास सांगितले. अंधदृष्टीचा रुग्ण बरोबर उत्तर देऊनही त्यावर मोठी रक्कम लावीत नसेल, तर त्या उत्तराची जाणीव त्याला नसावी असा त्यांचा तर्क होता. अर्थात्, स्वभावतःच जपून पैज लावणारी माणसेही असतात, हे येथे विसरता येत नाही.

सर्वांत सूक्ष्म सापळा डेव्हिड शँक्स यांनी २०१७ साली उघड केला. पुष्कळ प्रयोगांत नंतर चाचणी घेऊन ज्यांची उत्तरे योगायोगाच्या पातळीवर आली तेवढेच प्रयुक्त निवडतात आणि ‘यांना काहीच दिसले नव्हते’ असे मानून त्यांचे पूर्वप्रेरण मोजतात. ही रीत निर्दोष दिसते, परंतु तशी नाही. समजा, चाचणीत अवघ्या वीस फेऱ्या आहेत. निव्वळ अंदाजाने उत्तरे देणाऱ्याचीही सहा ते चौदा उत्तरे बरोबर येणे स्वाभाविक आहे. आता ज्याला खरोखर काही दिसते आणि जो दीर्घकाळात शंभरातून साठ वेळा बरोबर असतो, असा माणूस घ्या. वीस फेऱ्यांच्या चाचणीत तोही साधारणतः चारांतून एकदा दहा किंवा त्याहून कमी गुण मिळवील. म्हणजे ‘न दिसणाऱ्यां’च्या गटात केवळ दुर्दैवाने कमी गुण मिळालेले ‘दिसणारे’ शिरतात. पुन्हा चाचणी घेतली, तर त्यांचे गुण वर सरकतात. यावर उपाय एकच : फेऱ्या पुष्कळ घ्याव्या, निवड नंतर करू नये आणि दोन्ही साक्षीदारांना सारख्याच काटेकोरपणे मोजावे. पुरावा न मिळणे आणि नसल्याचा पुरावा मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे न्यायालयात जितके खरे तितकेच प्रयोगशाळेतही खरे आहे.

आपल्या परंपरेतील एक विचार येथे आठवतो. न्यायदर्शनाने प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन प्रकार मानले. ‘हा घट आहे’ असे विशेषणासह होणारे ज्ञान ते सविकल्पक. त्याच्या आधी नामरूपाची जोड नसलेले जे ज्ञान होते ते निर्विकल्पक. नैयायिकांनी असेही म्हटले की, निर्विकल्पक ज्ञान आपल्याला कधी जाणवत नाही. ते अतींद्रिय असून केवळ अनुमानानेच सिद्ध होते. यावरून आधुनिक प्रयोग आपल्याकडे पूर्वीच झाले होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु जे अनुभवात येत नाही त्याला अनुमानाखेरीज वाट नाही आणि अनुमान तर हेतूच्या निर्दोषपणावर अवलंबून असते, ही शिस्त मात्र दोन्हीकडे एकच आहे.

पुन्हा सिल्क बोर्डच्या वाटेवर

शेवटी त्या दुचाकीस्वाराकडे परत जाऊ. लक्ष दुसरीकडे गुंतले असता डोळ्यांपुढची ठळक वस्तूही माणसे नोंदवीत नाहीत, हे १९९९ साली सायमन्स आणि शाब्री यांच्या प्रयोगाने जगाला कळले. चेंडूच्या फेका मोजण्यात गर्क असलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातील माणूस दिसला नाही. पुढे पाव शतकाने, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २५,००० लोकांवर अशा जातीचे प्रयोग झाले. त्यांत ‘काही वेगळे दिसले नाही’ म्हणणाऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारण्यात आला : “तरीही सांगा, ते डावीकडे होते की उजवीकडे? कोणत्या रंगाचे होते?” त्यांची उत्तरे योगायोगाहून सरस ठरली. म्हणजे न दिसल्याचे सांगणाऱ्यांतही पुष्कळांच्या ठायी दर्शनाचा काही अंश उरलेला होता. ‘नाही’ म्हणण्याकडे त्यांचा कल होता. हा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून झाला आणि त्याच्या कर्त्यांत फिलिप्स हेही होते. पर्स आणि जॅस्ट्रो यांनी जेथे शून्य खात्रीच्या उत्तरांना प्रथम महत्त्व दिले, तेच हे विद्यापीठ होय.

यावरून दुचाकीस्वार खोटे बोलत होता असे ठरते काय? मुळीच नाही. ‘दिसले नाही’ हे त्याचे विधान प्रामाणिक असू शकते आणि त्याच वेळी अपुरेही असू शकते. त्याच्या डोळ्यांनी काय टिपले हे त्या वाक्यावरून कळत नाही. टिपलेल्यापैकी किती बोलण्याजोगे त्याला वाटले, एवढेच त्यावरून कळते. म्हणूनच न्याय करणाऱ्याने, उपचार करणाऱ्याने आणि रस्ते आखणाऱ्यानेही त्या एका वाक्यावर भिस्त ठेवू नये, तसेच ते झिडकारूनही लावू नये. चौकात प्रकाश पुरेसा आहे काय, बसथांब्यामागून येणारा माणूस कोणत्या क्षणी दृष्टीस पडू शकतो, पाट्यांची गर्दी लक्ष कोठे खेचून नेते, हे प्रश्न विचारले गेले, तर पुढचा पादचारी वाचण्याचा संभव अधिक.

माणसाला काय दिसले हे त्यालाच विचारावे, कारण दुसऱ्या कोणाला ते थेट कळू शकत नाही. मात्र विचारण्याची रीत चुकली, तर खरे बोलणारा माणूसही आपल्याला चुकीचे उत्तर देतो. या क्षेत्रातील सव्वाशेहून अधिक वर्षांच्या श्रमांचे सार काढावयाचे झाले, तर प्रश्न नीट विचारावयास शिकणे, हेच ते सार होय.